कपाटातलं कपाट

२०१९ साल. बिराजदार कंपौंडर अडुसष्ट वर्षांचे होते आणि मी त्र्याहत्तरचा. मी पाच वर्षांनी मोठा, म्हणून ते मला मालक म्हणायचे असं नाही. ते सगळ्यांनाच मालक म्हणायचे. हमालाला मालक, विड्या वळणाऱ्या बाईला मालकीणबाई. ज्यांच्या नावावर खरोखरचे कारखाने होते त्यांना मात्र नुसतं "या, बसा."

मी तिसरी शिकलो. चौथीत जायच्या आधी बापानं मेंढरामागं घातलं, सांगोल्याकडच्या माळावर. पुढं सोलापुरात आलो, पॉवरलूमवर लागलो आणि जॉबर म्हणून म्हातारा झालो. जॉबर म्हणजे माग दुरुस्त करणारा, आणि मागावरची माणसं हलती ठेवणारा. चाळीस वर्षांत माझ्याकडून बंद राहिलेला माग दुसऱ्या कुणी येऊन चालू केला, असं एकदाही झालं नाही. हे आधी लिहून ठेवतो, कारण पुढं जे लिहायचं आहे त्यात माझी शोभा होणार आहे. लिहिलेलं कुणाला तपासू दिलेलं नाही. चुका असतील तर त्या माझ्या आहेत.

आमच्या पेठेत एक धर्मादाय दवाखाना आहे. त्याचं नाव लिहीत नाही. तिथल्या औषधाच्या खिडकीत बिराजदार बसायचे. ते अक्कलकोटच्या पुढचे, पार शिवेवरचे. घरात कानडी, खिडकीत मराठी, तेलुगू बायकांशी मोडकीतोडकी तेलुगू. कपाळाला विभूती, पांढरा अर्ध्या बाह्यांचा शर्ट, आणि सायकल. सायकल ते चालवायचे कमी आणि ढकलायचे जास्त. गुडघे गेले होते. मी एकदा म्हणालो, मग आणता कशाला? तर म्हणाले, "आधाराला. काठी घेतली की लोक म्हातारा म्हणतेत."

परीक्षा देऊन पास झालेला माणूस. भिंतीवर त्यांचं सर्टिफिकेट होतं, त्यावर फार्मासिस्ट लिहिलेलं. पण लोक कंपौंडर म्हणायचे आणि त्यांनी कधी कुणाला दुरुस्त केलं नाही.

त्यांच्या पाठीमागं एक लोखंडी कपाट होतं. त्याच्या आत, भिंतीत बोल्ट मारून बसवलेलं आणखी एक छोटं कपाट. त्या छोट्याला दोन कुलपं. एक किल्ली डॉक्टर मॅडमकडं, एक बिराजदारांच्या गळ्यात. गळ्यात त्यांचं लिंगही असायचं, पण त्या दोऱ्यात त्यांनी किल्ली कधी अडकवली नाही. किल्लीला वेगळा काळा दोरा. दोन्ही किल्ल्या लागल्याशिवाय ते कपाट उघडायचं नाही. आत सोनं नव्हतं. पांढऱ्या बारीक गोळ्या होत्या, मॉर्फिनच्या. कॅन्सरचं माणूस शेवटाला आलं, बार्शीच्या किंवा पुण्याच्या डॉक्टरांनी घरी न्या म्हणून सांगितलं, की त्याच्या दुखण्याला ही गोळी. अफूपासून करतात, म्हणून सरकारचा पहारा. लायसन वेगळं, वही वेगळी, तपासणी वेगळी.

सरकारच्या पहाऱ्यावर बिराजदारांनी आपला स्वतःचा एक पहारा बसवला होता. रिकामी पट्टी परत आणल्याशिवाय नवी मिळायची नाही. माणूस गेलं, तर उरलेल्या गोळ्या तिसऱ्या दिवसाच्या आत खिडकीत परत. घरात सुतक असलं तरी. बायका रडत रडत पट्ट्या आणून द्यायच्या आणि हे चष्मा लावून गोळ्या बघायचे. मला तेव्हा तो माणूस दगडाचा वाटायचा.

पण पेशंटशी बोलायची त्यांची रीत निराळी होती. किती दुखतंय, असं त्यांनी कधी कुणाला विचारलं नाही. ते विचारायचे, "मालकीणबाई, काल कोणत्या कुशीवर झोपला?" कुणी म्हणालं डाव्या, तर वहीत डावी लिहायचे. कुणी म्हणालं कुशीवर न्हाय, उताणी, तर कपाळाला आठी. दुसरा प्रश्न पोट साफ होण्याचा. ही गोळी पोट बांधते, म्हणून तिच्याबरोबर जुलाबाचं औषध घ्यायलाच लागतं. तो प्रश्न ते सगळ्या रांगेला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं विचारायचे. एक सासूबाई लाजून निघून गेल्या तर हे खिडकीतून मान बाहेर काढून म्हणाले, "नोडी, बघा मालकीणबाई, लाजलात तर चार दिवसानं माझ्याच नावानं शिव्या द्याल."

दवाखान्याच्या विश्वस्तांत एक शेठ होते. त्यांच्याच कारखान्यात मी जॉबर होतो. त्यांच्या धाकट्या भावाच्या कंबरेचं ऑपरेशन झालं होतं. तेव्हापासून त्याला दुखण्याच्या इंजेक्शनची सवय लागली. सुई मिळाली नाही की तो माणूस घामानं भिजायचा. एकदा शेठ स्वतः खिडकीशी आले आणि हळूच म्हणाले, तुमच्या कपाटातलं काही असलं तर द्या, भाऊ लई तळमळतोय. बिराजदार म्हणाले, या, बसा. भावाला घेऊन या, मॅडम बघतील, आजार असला तर इलाज करू. शेठ म्हणाले, भाऊ रांगेत कसा बसेल? बिराजदारांनी मान हलवली. "मग कपाट पन उठून तुमच्या घरी कसं येईल?"

शेठनी ते लक्षात ठेवलं. भाऊ पुढं हवा पालटायला म्हणून महाबळेश्वरला गेला, तिथून पुण्याच्या एका मोठ्या दवाखान्यात. सगळी पेठ म्हणायची, बिचारा आजारी आहे.

आता माझ्या घरचं.

माझी बायको सुभद्रा. तिला मिश्रीची सवय, लग्नात आली तेव्हापासूनची. जबड्याला गाठ आली, बार्शीला नेलं, जे करायचं ते झालं आणि त्यांनी सांगितलं आता घरी न्या. घरी आणली. दवाखान्यातल्या मॅडमनी त्या गोळीची चिठ्ठी लिहिली. मी चिठ्ठी घडी करून टोपीत ठेवली आणि खिडकीकडं गेलोच नाही. आमच्या घराण्यात दारू कुणी प्यालेलं नाही, अफू तर लांबच. अफू खाऊन माझी बायको मेली असं चार लोक म्हणाले असते तर मला चाललं नसतं. मला. तिला काय चालत होतं ते मी विचारलं नाही.

चिठ्ठी लिहून नऊ दिवस झाले तरी गोळी नेली नाही, म्हणून बिराजदार सायकल ढकलत आमच्या घरी आले. दुपारची वेळ. सुभद्रा भिंतीला टेकून बसलेली, ओलं फडकं जबड्याला लावून. फडक्याचं टोक ती दातात धरायची. त्यांनी चप्पल काढली, तिच्यासमोर खाली बसले आणि विचारलं, "मालकीणबाई, कोणत्या कुशीवर झोपता?"

तिनं हातानं पाठीमागची भिंत दाखवली. नऊ दिवस ती आडवीच झाली नव्हती. मी बाहेर ओट्यावर झोपत होतो. मला ते माहीत नव्हतं.

बिराजदारांनी माझ्याकडं बघितलं नाही. गोळ्या त्यांनी बरोबर आणल्या होत्या, मॅडमना सांगून. म्हणाले, मालक, घरात नातवंडं हायत, झाकणाचा घट्ट डबा द्या, ह्या उघड्यावर ठेवायच्या नसतेत. मी म्हणालो, डबा देतो, पण आमच्यात अफू चालत न्हाय. ते म्हणाले, डबा तर आना.

डबा म्हटल्यावर माझ्या हाताला माझाच डबा आला. जॉबरचा, पत्र्याचा, चाळीस वर्षं बरोबर असलेला. त्यात पाने, स्क्रू, धोट्याचे सुटे भाग. डबा दाखवायची मला हौस, खोटं कशाला बोलू. मी तो तिथंच फरशीवर उपडा केला. हत्यारं पडली आणि त्यांच्याबरोबर पिवळ्या कॅप्सूलच्या चार पट्ट्या पडल्या.

बिराजदारांनी एक उचलून चष्म्याजवळ धरली. ह्या कुणाच्या, म्हणाले.

मी सांगितलं. लपवायचं काही कारण वाटलं नव्हतं. अंगदुखीच्या कॅप्सूल, मेडिकलमधून आणलेल्या. डबल पाळी लागली की बारा बारा तास उभ्यानं कामगाराचे पाय धरतात, पाठ धरते. एक कॅप्सूल दिली की माणूस हसत उभा राहतो. निवृत्त झालो तरी शेठ सणासुदीच्या मालाला मला बोलवायचे, तेव्हा डबा भरून न्यायचो. शेठना माहीत होतं. सगळ्याच कारखान्यांत चालतं.

"मालक," ते म्हणाले, "ही त्याच घराण्यातली. अफूची धाकटी बहीण म्हना. हिला चिठ्ठी लागती, ती कुनी मागत न्हाय एवढंच."

मी म्हणालो, ते औषध आहे. कामासाठी देतो, नशेसाठी नाही.

तेवढ्यात सुभद्रानं दातातलं फडकं काढलं. आठ दिवसांत ती चार शब्द बोलली नव्हती. तोंड पुरतं उघडत नव्हतं.

"लूमला दिली," ती म्हणाली, "मला न्हाय व्हय?"

मी उठलो आणि पाण्याचा तांब्या आणला.

त्या दुपारी ती डाव्या कुशीवर तीन तास झोपली. मी शेजारी बसून होतो. माशी बसू दिली नाही.

पुढं आम्हाला बेचाळीस दिवस मिळाले. गोळी चार चार तासांनी, जुलाबाचं औषध झोपताना. तिला नशा झाली का म्हणून मी डोळे लावून बसलो होतो. झालं काय, तर ती मला पहिल्यासारखी बोलायला लागली. एक दिवस शेंगाची चटणी कुटून घेतली सुनेकडून. स्वतःला खाता येत नव्हती, नुसता वास घेतला आणि म्हणाली, लसूण कमी पडला. चाखली तर खरंच कमी होता.

ती गेली त्या दिवशी दुपारपासूनच तिला गिळता येत नव्हतं. दुसऱ्या दिवशी बायकांनी तिला न्हाऊ घातलं, हिरवं लुगडं नेसवलं. आमच्यात पदराला गाठ मारतात, बाईला जे आवडायचं ते थोडं त्यात बांधतात. माझी भावजय पारू, तिनं मिश्रीची डबी बांधली. आणि डब्यात उरलेल्या अकरा गोळ्याही बांधल्या. तिनं मला नंतर सांगितलं. रडत रडत म्हणाली, तिकडं वाटेत दुखायला लागलं तर आक्का कुनाला मागंल वो?



तिसऱ्या दिवशी मी रिकाम्या पट्ट्या घेऊन खिडकीशी गेलो आणि खरं ते सांगितलं. बिराजदारांनी चष्मा काढला, शर्टाच्या टोकानं पुसला, परत लावला. रागावले नाहीत. म्हणाले, पारूबाईंना सांगा, त्यांनी मायेनं केलं. पन माझं पान आता लंगडं झालं. मग माझ्यासमोर त्यांनी वहीत लिहिलं आणि वाचून दाखवलं. शिल्लक गोळ्या अकरा. नातेवाइकांनी मृत रुग्णाच्या पदरात बांधल्या. चितेत जळाल्या.

दवाखान्याच्या कारकुनानं ते वाचून डोक्याला हात लावला. त्यानं सांगितलं, कंपौंडर, असं कुणी लिहितं का? बाईनं खाल्ल्या म्हणून लिहा, मोकळे व्हा.

"मालकीणबाईंना त्या दिवशी पानी उतरत नव्हतं," बिराजदार म्हणाले. "त्यांच्या नावावर मी अकरा गोळ्या खाऊ का?"

त्या एका ओळीपायी पुढचं सगळं झालं.

माझ्या हाताखाली व्यंकटी नावाचा कामगार होता, तेलुगू विणकराच्या घरातला. पंचेचाळिशीचा असेल. हाताला लई गुण, तुटलेला धागा न बघता जोडायचा. डबल पाळीला तोच पहिला उभा राहायचा. त्याला पहिली कॅप्सूल मी दिली होती. दुसरीही. पुढं तो आपली आपण आणायला लागला आणि दिवसाला पट्टी संपवायला लागला. हात थरथरायला लागले, धागा जुळेना, तेव्हा मीच शेठना सांगितलं, हा नशेबाज झाला, काढा. काढला. त्याची आई नरसम्मा, विड्या वळायची. तिचा कॅन्सर पाठीच्या मणक्यात गेलेला. ती बिराजदारांच्या खिडकीची पेशंट. चौथ्या गल्लीत पत्र्याच्या खोलीत असायची. व्यंकटीला कितीही सवय असो, आईच्या पट्टीला त्यानं हात लावला नव्हता. तिच्या एकूण एक रिकाम्या पट्ट्या तोच खिडकीत आणून द्यायचा.

सुभद्राला जाऊन दोन महिने झाले असतील. व्यंकटीला पोलिसांनी बसस्टँडजवळ धरला. खिशात पिवळ्या कॅप्सूलच्या पट्ट्या. घराची झडती झाली तर तिथं आईची मॉर्फिनची पट्टी निघाली. मग काय, नशेच्या गोळ्यांचं जाळं, असं पेपरात आलं. तपासणीचे साहेब दवाखान्यात येऊन बसले आणि त्यांनी वही उघडली. नरसम्माचं पान चोख होतं. पान पलटत पलटत साहेब माझ्या बायकोच्या पानावर आले. अकरा गोळ्या, चितेत जळाल्या. साहेब ती ओळ दोनदा वाचून हसले म्हणे. मग त्यांनी विचारलं, ह्या बाईचा नवरा कोण? कुणीतरी सांगितलं, जॉबर. व्यंकटी कुणाच्या हाताखाली होता? त्याच जॉबरच्या.

साहेब वाईट माणूस नव्हते. त्यांच्या जागी मीही तेच जोडलं असतं. छोट्या कपाटाला त्यांनी सील लावलं, दोन्ही किल्ल्या घेतल्या आणि सांगितलं, ह्या अकरा गोळ्यांचा उलगडा होईपर्यंत उघडायचं नाही.

पोलिसांनी चिठ्ठी बघून नरसम्माच्या गोळ्या तिच्याकडंच ठेवल्या होत्या, पण त्या चारच दिवस पुरणार होत्या. बार्शीला औषध होतं, पण तिथं नवा पेशंट म्हणून आधी माणूस दाखवावं लागतं. जिला चार पावलं चालवत नाही तिला एसटीत कोण घालणार? आणि न्यायला मुलगा कुठं होता?

विश्वस्तांची बैठक बसली. शेठ म्हणाले, कशाला ही कटकट, ते कपाटच काढून टाकू, कॅन्सरवाल्यांनी मोठ्या गावाला जावं. त्याच सकाळी बिराजदारांनी मला बोलवलं होतं. स्टोव्हवर चहाचं आधण ठेवलं आणि म्हणाले, मालक, हे उकळायच्या आत तीन दुकानं फिरून या. पिवळी कॅप्सूल मागा. चिठ्ठी न्हाय म्हनून सांगा. मी गेलो. पहिल्या दुकानात विचारलं, एक पट्टी का दोन. दुसऱ्यात काहीच विचारलं नाही. तिसऱ्यात दुकानदार म्हणाला, "जॉबरमामा, लई दिवसांनी. नेहमीच्याच का?" परत आलो तेव्हा चहाला नुकता कढ आला होता.

त्या पट्ट्या त्यांनी बैठकीत विश्वस्तांच्या टेबलावर ठेवल्या. मी दाराशी उभा होतो. म्हणाले, माझ्या कपाटाला दोन कुलपं, एक वही, एक साहेब. मरनाऱ्या मानसाला ते ओलांडून यावं लागतं. ह्याला एक कडी तरी दाखवा कुणी. शेठ म्हणाले, ते सरकारनं बघायचं. बिराजदारांनी मान डोलावली आणि बसून राहिले. पण माझ्या नेहमीच्याच पट्ट्यांचं त्यांनी तिथं अवाक्षर काढलं नाही. दुकानदार काय म्हणाला ते मीच त्यांना सांगितलं होतं. काढलं असतं तर मी तिथल्या तिथं उलटलो असतो, हे त्यांना ठाऊक असणार.

व्यंकटीला बघायला ते कोठडीत गेले. मॅडमचा कागद नेला, की हा माणूस आजारी आहे, गोळी एकदम तुटली तर त्याला त्रास होईल, इलाज करावा. फडक्यात कडक भाकरी नेली. हवालदारानं विचारलं, हा तुमचा कोण? ते म्हणाले, पेशंटचा मुलगा होता, आता पेशंट. परत येताना मला म्हणाले, शेठच्या भावाला पन सुई नसली की असाच घाम येत होता. "दोघांचे हात सारखेच थरथरतेत मालक. मी दोघांचे धरून बघितलेत, त्याचे पन घरी जाऊन." एकाला पुण्यात खाट मिळाली होती. दुसरा फरशीवर होता.

उलगडा कुणी करायचा, हे सगळ्या पेठेत मला एकट्याला कळत होतं. अकरा गोळ्या जळाल्या, हे पारू सांगू शकत होती, स्मशानातला माणूस सांगू शकत होता. पण साहेबांचा खरा प्रश्न दुसराच होता. व्यंकटीला ही सवय लागली कुठून? जोवर ते कळत नाही तोवर त्यांचं बोट कपाटाकडं. आणि ती लागली होती माझ्या डब्यातून. ते सांगायचं म्हणजे चाळीस वर्षांचा जॉबर, ज्याच्या पाया पडून कामगार पाळीला उभे राहायचे, तो त्यांना काय चारत होता ते सरकारी कागदावर लिहून द्यायचं.

मी तीन दिवस घरात बसलो. ताप आहे म्हणून सांगितलं. ताप नव्हता.

गोष्ट लांबवून धरायची मला सवय नाही, म्हणून पुढचं आधी सांगतो. कपाट उघडलं. व्यंकटीची केस चालली, मधे त्याला दवाखान्यात ठेवलं. आता तो मागावर नाही, दोऱ्याची रिळं विकतो. मला चार वेळा बोलावणं आलं, चारही वेळा गेलो. कारखान्यात मला कुणी बोलवत नाही. मेडिकलची तीन दुकानं आठ दिवस बंद होती, नवव्या दिवशी उघडली. नरसम्मा कपाट उघडल्यावर अकरा दिवस जगली आणि ते अकरा दिवस उजव्या कुशीवर झोपली, तसं वहीत लिहिलेलं आहे. त्याआधीचे काही दिवस ती कशी होती ते वहीत नाही. त्यातले तीन माझ्या नावावर धरावेत. बिराजदार कोरोनाच्या साथीच्या दुसऱ्या वर्षी गेले. तेव्हा कुणाला बघायला जाता येत नव्हतं. त्यामुळं माझ्या डोळ्यांसमोर त्यांचं शेवटचं रूप आजारातलं नाही, त्या तिसऱ्या दिवसाच्या संध्याकाळचं आहे.

दिवे लागायच्या वेळेला सायकलची चेन ऐकू आली. सायकल भिंतीला लावून ते ओट्यावर बसले, गुडघा हातानं उचलून दुसऱ्या पायाशी ठेवला. शर्टाचं वरचं बटण उघडं होतं. किल्ली साहेबांकडं गेलेली, पण काळा दोरा गळ्यात तसाच होता, रिकामा. सुनेनं पाणी दिलं. पाणी प्याले. पेठेतलं थोडं बोलले, कुणाच्या घरी लग्न आहे वगैरे. ताप कसा आहे ते विचारलं नाही. माझ्यासारख्या माणसाला ताप येत नाही हे त्यांना दिसत होतं.

मग म्हणाले, "नरसम्मा आजपासून भिंतीला टेकून बसल्यात."

मी सुभद्राच्या भिंतीकडं बघितलं. तिच्या डोक्याच्या तेलाचा डाग तिथं अजून आहे. चुना लावू दिलेला नाही.

तुम्ही सांगा की साहेबांना, असं ते एकदा म्हणाले असते तर मी भांडलो असतो. माझा स्वभाव तसा आहे. पण ते म्हणालेच नाहीत. ते उठले, सायकलचं हँडल धरलं, वळून माझ्याकडं बघितलं आणि खिडकीत विचारायचे तसंच विचारलं.

"मालक, तुम्ही कोणत्या कुशीवर झोपता?"

उत्तरासाठी ते थांबले नाहीत. सायकल ढकलत गल्लीच्या टोकापर्यंत गेले. तिथं विड्यांची सुपं घेऊन दोन बायका येत होत्या, त्यांना त्यांनी वाट दिली. सायकल उचलून भिंतीला चिकटवली आणि पोट आत घेऊन उभे राहिले. त्यांना काहीतरी विचारलं. बायका पदर तोंडाला लावून हसल्या. मग ते वळले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी अंघोळ केली, धुतलेलं धोतर नेसलो, टोपी घातली. पत्र्याच्या डब्यातली हत्यारं काढून फरशीवर ठेवली. पिवळ्या कॅप्सूलच्या पट्ट्या तेवढ्या आत राहू दिल्या. पारूला बरोबर घेतलं. रिक्षा केली नाही, डबा काखेत धरून नवी पेठेतून चालत गेलो. ज्यांना बघायचं त्यांनी बघावं. साहेबांचं ऑफिस अजून उघडायचं होतं. शिपाई म्हणाला, साहेब अकराला येतात, नंतर या. मी म्हणालो, बसतो. कारकून आला, त्यानं विचारलं काय काम, आणि म्हणाला, आजोबा, तुम्ही सांगा, मी लिहितो, तुम्ही अंगठा द्या. मी त्याच्या हातातून पेन घेतलं.

मी सिद्राम बाळू वाघमोडे, वय त्र्याहत्तर, धंदा जॉबर. हा डबा माझा आहे. एवढं लिहायला पाऊण पान गेलं, माझं अक्षर मोठं आहे. मग कारकुनाला म्हणालो, कागद आणखी द्या.